पक्षिवाङ्मयातला हरवलेला माळ

मराठीत पक्ष्यांविषयी जे लिहिले गेले आहे त्याचा हिशेब मांडायचा तर तो सोलापुरात बसून मांडावा. कारणे दोन आहेत. या विषयावर सर्वांत अधिक आणि सर्वांत सातत्याने ज्यांनी लिहिले ते मारुती चितमपल्ली सोलापूरचे. १९३२ च्या ५ नोव्हेंबरला ते येथे जन्मले, येथल्याच शाळा-कॉलेजांत शिकले, वनखात्याच्या नोकरीत उभी हयात विदर्भातल्या अरण्यांत घालवून उतारवयात येथेच परतले, आणि २०२५ च्या जूनमध्ये, ज्या वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली त्याच वर्षी, येथेच त्यांनी डोळे मिटले. दुसरे कारण माळढोक. सोलापूरहून बार्शीच्या वाटेने वीस-बावीस किलोमीटर गेले की नान्नज लागते. तेथल्या गवताळ माळावर हा पक्षी एके काळी थव्याने चरत असे. अलीकडच्या वर्षांत तेथे एखाद-दुसराच दिसल्याच्या नोंदी आहेत.

म्हणजे ज्या गावाने मराठीला पाखरांचा सर्वांत मोठा लेखक दिला, त्याच गावाच्या वेशीबाहेर महाराष्ट्रातले सर्वांत वजनदार पाखरू संपत आले आहे. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल काय? वरवर पाहता मुळीच नाही. लेखकाने पुस्तके लिहावीत, पक्षी राखण्याचे काम वनखात्याने आणि पक्षिमित्रांनी करावे, अशी कामाची वाटणी आपण मनाशी केलेली असते. पण मला वाटते की संबंध आहे, आणि तो वाङ्मयाच्या बाजूने तपासून पाहण्यासारखा आहे. निमित्तही समोर आहे. २०२० पासून आपल्या राज्यात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. पहिला दिवस चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा डॉ. सालिम अली यांच्या जन्माचा. दिवाळीच्या आगेमागेच हा सप्ताह येतो. फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नसतात आणि शाळांना सुट्टी असते. मुलांना घेऊन तळ्याकाठी जाण्याला याहून बरा मुहूर्त कोणता?

आधी मराठी भाषेकडे वळू. पाखरांना नावे ठेवण्यात आपल्या पूर्वजांनी जी रसिकता दाखवली आहे ती पाहून कोणालाही कौतुक वाटावे. तांबट, शिंपी, सुतार, धोबी, खाटीक, कोतवाल, डोंबारी! गावगाड्यातली सगळी माणसे पंख लावून झाडांवर जाऊन बसली आहेत असे वाटते. यांतले एकही नाव उगाच पडलेले नाही. तांबट भर दुपारी भांड्यावर ठोके घालावेत तसा टुकटुक करतो. शिंपी खरोखरीच पान शिवून घरटे करतो. खाटीक किडे-सरडे मारून बाभळीच्या काट्यावर टांगून ठेवतो. सोलापूरच्या माळावर नेहमी दिसणारा डोंबारी हा चिमणीएवढा चंडोल. तो हवेत सरळ वर चढतो, पंख मिटून दगडासारखा खाली येतो आणि जमीन हाताशी आली की पुन्हा वर उसळी घेतो. ज्या कोणी त्याला हे नाव प्रथम दिले त्याने जत्रेतला डोंबाऱ्याचा खेळही पाहिला होता आणि माळावर उताणे पडून हे पाखरूही पुष्कळ वेळ पाहिले होते. नाव हीच त्याची नोंदवही.

आता हे खरे की लोकांनी दिलेले नाव नेहमीच बरोबर असते असे नाही. 'सुगरण' घ्या. विहिरीवर झुकलेल्या बाभळीच्या फांदीला लोंबणारे ते नाजूक विणकाम पाहून आपण त्याचे श्रेय मादीला देऊन मोकळे झालो. १९३० साली सालिम अली अलिबागजवळच्या किहीम येथे या पाखरांच्या वसाहतीसमोर दिवसचे दिवस बसून राहिले, तेव्हा कळले ते असे की घरटे विणतो तो नर. मादी अर्धवट झालेले घरटे पाहायला येते, आतबाहेर फिरून तपासते, पसंत पडले तर त्यात राहते, नाही तर दुसऱ्याच्या घरट्याकडे वळते. आणि मादी स्थिरस्थावर झाली की नर दुसरे घरटे विणायला घेतो! तेव्हा घरोघरच्या सुगरणींनी हे नाव आपल्या गौरवाचे मानावे की आपल्या अधिकाराचे, हे त्यांनीच ठरवावे. मुद्दा इतकाच की लोकांनी दिलेले नाव आणि अभ्यासकाने केलेले निरीक्षण ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. एक दुसऱ्यावाचून फार लांब जात नाही.

या दोन चाकांची जोडी मराठीत जुळवून आणण्याचे काम चितमपल्लींनी केले. १९५८ साली ते वनशिक्षणासाठी कोइमतूरला गेले आणि पुढे तीन तपांची नोकरी त्यांनी मुख्यतः विदर्भात केली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट ही त्यांची खरी विद्यापीठे. तेथे त्यांनी गोंड, कोरकू, ढीवर, पारधी अशा माणसांपाशी शिकवणी धरली. नवेगावच्या माधवराव पाटलांना त्यांनी गुरुस्थानी मानले. वनाधिकाऱ्याने खेड्यातल्या माणसापुढे विद्यार्थी होऊन बसावे ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. आजही नाही.

त्यांची 'पक्षी जाय दिगंतरा', 'रानवाटा', 'जंगलाचं देणं' ही पुस्तके वाचकांनी उचलून धरली, शाळेच्या पाठ्यपुस्तकांतून त्यांचे उतारे मुलांच्या हाती पडले, आणि 'चकवाचांदण' या आत्मचरित्राने त्यांचे स्थान पक्के केले. २००६ साली सोलापुरात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षपदी तेच होते. गावच्या मुलाला गावातच हा मान मिळावा असे क्वचित घडते. परंतु मला विचाराल तर त्यांचे सर्वांत मोठे पुस्तक यांपैकी एकही नाही. ते आहे 'पक्षिकोश'. ललित लेख आवडीने वाचले जातात आणि विसरले जातात. कोश कोणी आवडीने वाचत नाही, पण गरज पडली की त्यावाचून चालत नाही. एकेका पक्ष्याची निरनिराळ्या भाषांतली आणि बोलींतली नावे गोळा करून त्यांनी ती शेजारी शेजारी मांडली. संस्कृत ग्रंथांतला शब्द आणि तळ्यावर जाळे टाकणाऱ्या ढिवराचा शब्द त्यांनी एकाच पंक्तीला बसवला. हंसदेवाचा 'मृगपक्षिशास्त्र' हा संस्कृत ग्रंथ मराठीत आणण्याची खटपट त्यांनी केली, तीही याच ओढीने.

नवे शब्द घडवण्याचा त्यांना छंदच होता. पाखरे रात्री जेथे वस्तीला उतरतात त्या जागेला त्यांनी 'रातनिवारा' म्हटले. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार'. या तीन शब्दांची जात एक नाही, हे कानालाच कळते. 'रातनिवारा' हा शब्द घरचा वाटतो. तो उद्या एखाद्या गुराख्याच्या तोंडी आला तरी नवल वाटणार नाही. 'काकागार' थोडा सोवळ्यातला, पण अर्थ लगेच लागतो. 'सारंगागार' मात्र पुस्तकात जन्मला आणि पुस्तकातच राहिला. सारंग म्हटले की आपल्याला हरीण आठवते, धनुष्य आठवते, दुपारचा राग आठवतो. बगळा काही केल्या आठवत नाही. जेथे त्यांनी लोकांच्या कानाने ऐकले तेथे शब्द रुजला आणि जेथे पंडिताच्या लेखणीने लिहिले तेथे तो कोरडा राहिला.

त्यांच्या लेखनातली दुसरी उणीव अधिक महत्त्वाची आहे. चितमपल्ली 'मी पाहिले' आणि 'मला सांगितले' यांच्यामध्ये रेघ ओढत नाहीत. पारध्याने शेकोटीपाशी सांगितलेली दंतकथा आणि दुर्बिणीतून केलेली नोंद त्यांच्या परिच्छेदात हातात हात घालून चालतात. वाचताना ते मोठे मोहक वाटते, पण पुढे त्याचे काय होते पाहा. कावळ्याने आंब्या-करंजावर घरटे केले तर पाऊस चांगला, बाभूळ-सावरीसारख्या काटेरी झाडावर केले तर दुष्काळ, हा त्यांनी लोकांपुढे आणलेला आडाखा दर वर्षी मे महिन्यात वर्तमानपत्रांतून नव्याने छापून येतो, आणि खाली त्यांचे नाव असते. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यात, जेथे आभाळाकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला कावळ्याचाही आधार वाटतो, तेथे ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. लोकांचे आडाखे नोंदवणे हे फार मोलाचे काम आहे. पण ते 'लोक असे म्हणतात' या खुणेने नोंदवावेत, आणि कोणीतरी दहा-वीस वर्षे घरटी आणि पाऊस दोन्ही मोजून ते खरे की खोटे हे पाहावे. पावशा पेरते व्हा म्हणून ओरडतो तो शेतकऱ्याची काळजी असते म्हणून नव्हे. ज्यांच्या घरट्यांत त्याची मादी आपली अंडी घालते त्या सातभाईंच्या विणीचा काळ आलेला असतो म्हणून. हे कळल्याने त्या हाकेची गोडी कमी होते असे मला तरी वाटत नाही.

तथापि हे दोष आहेत ते फार मोठ्या कामाच्या अंगाखांद्यावरचे. मला जे खटकते ते वेगळेच आहे, आणि त्याचा दोष एकट्या चितमपल्लींच्या माथी मारता येणार नाही.

आपल्या या लेखकाची अरण्ये आठवून पाहा. तळी, साग, बांबू, मोहाची फुले, पहाटेचे धुके, पाणवठ्यावर उतरणारे सारस. सारे विदर्भातले. आता दुसऱ्या एका मोठ्या लेखकाकडे पाहा. व्यंकटेश माडगूळकर माणदेशचे. सोलापूर जिल्ह्याला लागूनच असलेल्या उघड्या, पावसाने वंचिलेल्या मुलखात वाढलेले. १९५५ च्या 'बनगरवाडी'त त्यांनी त्या मुलखातल्या धनगरांना मराठी वाङ्मयात असे उभे केले की त्या तोडीचे पुन्हा फारसे झाले नाही. पण पशुपक्ष्यांवर लिहायचे ठरवले तेव्हा हा माणदेशी माणूस कोठे गेला? नागझिऱ्याला. 'नागझिरा' हे त्यांच्या एका पुस्तकाचे नावच आहे, आणि वानरांवरचे 'सत्तांतर' हेही त्याच अरण्यप्रेमाचे फळ. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' १९५६ सालचे. त्यात फुले आहेत, मोहोर आहे, मेघ आहेत, बाराही महिन्यांचा रंगोत्सव आहे. मराठी गद्यातला तो एक अलंकारच. पण तेही झाडांचे आणि फुलांचे पुस्तक.

म्हणजे कोरड्या मुलखातले दोन थोर लेखक, आणि दोघेही पाखरे-जनावरे पाहायला हिरव्या मुलखात गेले. माळावर त्यांना माणसे दिसली, मेंढरे दिसली, दुष्काळ दिसला. माळ हेही एक भरलेले घर आहे आणि त्यात कोणी राहते, हे काही मराठी साहित्याने मनावर घेतले नाही. आपल्या कथा-कादंबऱ्यांत माळ येतो तो उजाड, भकास, ओसाड अशा विशेषणांचे ओझे घेऊन. नायकाचे मन खिन्न झाले की त्याला माळावर पाठवायचे, ही आपली रीत.

वास्तविक त्या ओसाड म्हटलेल्या माळावर काय काय राहते याची नुसती यादी केली तरी पान भरेल. थंडीत मध्य आशियातून भोवत्ये येतात, दिवसभर गवतावरून वितभर उंचीने घिरट्या घालून नाकतोडे टिपतात आणि रात्री त्याच गवतात जमिनीवर उतरून झोपतात. पखुर्डीचा नर भर उन्हाळ्यात पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवून घेतो आणि काही कोसांवरच्या पिलांना ते पाणी पिसांतून पाजतो. धाविक दोन पायांवर इतका चपळ पळतो की उडायचे त्याला जिवावर येते. माळटिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांमध्ये खड्यासारखीच अंडी घालते. काळवीट आहे, खोकड आहे, मेंढपाळाच्या मागावर राहणारा लांडगा आहे. पावसाळ्यात तणमोराचा नर गवतातून उभा उड्या मारतो, एकसारखा, दिवसभर, जणू त्याला कोणी खालून उडवून देत आहे.

आणि या सर्वांचा राजा म्हणून माळढोक. पुरुषभर नाही तरी कमरेच्या वर येईल एवढा उंच, नराचे वजन पंधरा किलोंच्या घरात. उडणाऱ्या पक्ष्यांत एवढ्या वजनाचे जगात फार थोडे आहेत. विणीच्या काळात नर उंचवट्यावर उभा राहून गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट पाठीवर टाकतो आणि घुमतो. तो घुमारा लांबवर ऐकू जातो. मादी वर्षाला बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्यावर, घरट्याची काडीही न रचता. एवढ्या मोठ्या पक्ष्याने एवढ्या एका अंड्यावर वंशाची भिस्त ठेवावी! एक कुत्रे, एक चुकलेले मेंढरू, नांगराचा एक फेरा पुरतो. नावाने तो माळाचा आहे, ढोक म्हणजे करकोच्यासारखा मोठा पक्षी. माळ गेला तर नावातला अर्धा भाग गेलाच. स्वतंत्र भारताचा राष्ट्रीय पक्षी निवडायची वेळ आली तेव्हा सालिम अलींनी माळढोकाचे नाव सुचवले होते. १९६३ साली मोराची निवड झाली. इंग्रजीत या पक्ष्याचे जे नाव आहे त्याचा उच्चार जरा चुकला की शिवी होते, ही अडचण त्या वेळी आड आली असे सांगतात. आपल्या मराठी नावात ती भीती नव्हती.

सत्तरच्या दशकात सोलापूरचे पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी नान्नजच्या माळढोकांकडे सर्वांचे लक्ष वेधले. सरकारी अहवाल नव्हे, हौसेने माळ तुडवणाऱ्या एका माणसाची नजर येथे प्रथम पोहोचली, हे सोलापूरकरांनी अभिमानाने सांगावे. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पुढे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे अभ्यासक येथे तळ देऊन राहिले आणि माळढोकाच्या राहणीची कितीतरी माहिती नान्नजमधूनच जगाला मिळाली. परंतु अभयारण्याचा नकाशा कसा होता? सोलापूर आणि त्या वेळचा अहमदनगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, असे दोन जिल्हे मिळून जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर! त्यात गावे आली, बाजारपेठा आल्या, हजारो शेतकऱ्यांच्या खाजगी जमिनी आल्या. कागदावर एवढे मोठे राज्य पक्ष्याला बहाल केले, आणि ज्यांच्या बांधावर तो चरत होता त्यांना मात्र निर्बंधांची भीती दिली. माळढोक दिसला तर जमीन गेली, अशी समजूत पसरली. काल-परवापर्यंत शाळू-करडईच्या रानात बिनबोभाट फिरणारा पाहुणा एकाएकी वैरी झाला. २०१० नंतरच्या काळात हे क्षेत्र कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणले गेले, पण तोवर वैर मुरले होते आणि पक्षी बोटांवर मोजण्याइतके उरले होते.

या सगळ्यामागे एक शब्द उभा आहे असे मला वाटते. तो शब्द 'पडीक'. दप्तरात गवताळ माळाची नोंद बहुधा या सदरात होते. जे पडीक आहे ते उपयोगात आणले पाहिजे, हे ओघानेच आले. म्हणून त्यावर नांगर फिरला, खाणी निघाल्या, वसाहती झाल्या. आणि सर्वांत चमत्कारिक गोष्ट म्हणजे त्यावर झाडे लावली गेली! झाडे लावणे म्हणजे निसर्गाची सेवा, असे आपण मुलांना शिकवत आलो. पण चारी दिशांना दूरवर नजर पोहोचल्याशिवाय ज्याला निर्धास्त वाटत नाही अशा पक्ष्याच्या माळावर ग्लिरिसिडियाच्या रांगा उभ्या करणे म्हणजे त्याच्या घरात भिंती घालणे होय. ज्यांनी ही झाडे लावली ते दुष्ट नव्हते. त्यांच्या आणि आपल्या मनात निसर्गाचे जे चित्र आहे ते हिरव्या अरण्याचे आहे, आणि ते चित्र तेथे कोणी काढले? पाठ्यपुस्तकांनी, कवितांनी, आमच्या थोर अरण्यलेखकांनी. लेखकाचा आणि पाखराचा संबंध मी म्हणतो तो येथे आहे. ज्या भूमीवर भाषेने माया केली नाही, तिच्यासाठी दप्तरात 'पडीक' हाच शब्द शिल्लक राहतो.

उलट उदाहरण पाहायचे तर विदर्भातच पाहावे. सारस गोंदियाकडे मोजकेच उरले आहेत, पण भातशेतीच्या बांधावरचे त्यांचे घरटे राखायला शेतकरी पुढे येतात. वाशीम-अकोल्याकडे एके काळी फासे लावणाऱ्या पारधी समाजातील मंडळींनी तणमोर राखण्याचे काम अंगावर घेतले आहे. ज्याला पाखराची बोली अवगत आहे त्याच्याच हाती राखणीचे काम दिले गेले. चितमपल्लींनी पारध्यांपुढे विद्यार्थी होऊन जे मिळवले त्याचाच हा दुसरा, आणि कदाचित अधिक टिकाऊ, उपयोग.

आता सोलापुरातल्या पक्षिमित्रांविषयी दोन शब्द. यांच्याविषयी मला आदर आहे. हिवाळ्यात रविवारी पहाटे उठून हिप्परग्याच्या तलावावर, सिद्धेश्वर तलावाच्या काठी, उजनीच्या फुगवट्यावर दुर्बिणी घेऊन जाणारी ही माणसे कोणाच्या सांगण्यावरून जात नाहीत. पाणपक्ष्यांची मोजणी करतात, पतंगाच्या मांज्यात अडकलेली घार सोडवतात, शाळांत जाऊन बोलतात. परंतु त्यांच्या टिपणांकडे वाङ्मय म्हणून पाहिले, आणि तसे पाहावे असा माझा आग्रह आहे, तर दोन गोष्टी जाणवतात. पहिली, कॅमेऱ्याने वहीची जागा घेतली आहे. छायाचित्र पक्षी कसा दिसतो ते सांगते, तो काय करत होता, किती वेळ, कोणाबरोबर, शेजारच्या शेतात कोणते पीक होते, हे सांगत नाही. दुसरी, नावे. घरी मराठी बोलणारा मुलगा माळावर गेला की 'हॅरियर', 'लार्क', 'कोर्सर' म्हणू लागतो. जगभरच्या नोंदींशी आपली नोंद जुळावी म्हणून इंग्रजी आणि शास्त्रीय नाव हवेच. ते टाकून द्या असे कोणी शहाणा म्हणणार नाही. अलीकडे पक्षिमित्रांनीच मराठी नावांच्या प्रमाण याद्याही सिद्ध केल्या आहेत. पण यादी कपाटात असणे निराळे आणि तोंडात असणे निराळे. ज्या मेंढपाळाला विचारायचे त्याला 'कोर्सर' समजत नाही, आणि मग संभाषण तेथेच संपते.

तिसरी गोष्ट सांगताना जरा जीभ अडखळते. उजनीला रोहित आले की मोटारी भरभरून लोक जातात, आणि जावेच. गुलाबी पंखांचा तो सोहळा एकदा तरी पाहावा असा आहे. पण उजनीच्या ज्या पाण्याने रोहित आणि पट्टकादंब आणले, त्याच पाण्याने ऊस आणला आणि उसाने माळ खाल्ला. शेतकऱ्याला उसाबद्दल दोष देणे पोट भरलेल्याला सोपे आहे. मी देणार नाही. मात्र एकाच धरणाच्या खात्यावर एका बाजूला रोहित जमा आणि दुसऱ्या बाजूला माळढोक खर्च, हा हिशेब आपल्या पक्षिलेखनात कोठेच मांडलेला दिसत नाही. आपण जमेची बाजू तेवढी छापतो, तीही रंगीत.

देशभर मिळून माळढोक आता दीडशेच्या आत-बाहेर असावेत असे मानले जाते. बहुतेक राजस्थानात, जैसलमेरच्या वाळवंटात. तेथे विजेच्या तारांवर आपटून ते मरतात, कारण एवढ्या जड पक्ष्याला समोरची तार वेळेवर दिसत नाही आणि दिसली तरी वळता येत नाही. २०१९ पासून तेथे अंडी उचलून, उबवून, पिले वाढवण्याचे केंद्र चालू आहे आणि ते यशस्वी होत आहे. उद्या त्यांतले काही सोलापूरला आणता येतील का, असा विचार मनात येतो. आणायला हरकत नाही. पण त्यांना सोडणार कोठे, हा प्रश्न माळाचाच आहे.

राहता राहिले ते पुस्तक, जे अजून कोणी लिहिलेले नाही. त्याची सामग्री मात्र येथेच आहे. सोलापूर हे तीन भाषांचे गाव. विणकर वस्तीत तेलुगू, अक्कलकोटच्या बाजूला कानडी, आणि सगळीकडे मराठी. माळढोकाला तेलुगूत 'बट्टमेक' म्हणतात. कानडीत त्याला 'येरेभूत' म्हणतात, म्हणजे काळ्या रानातले भूत. केवढे चित्र आहे त्या शब्दात! संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात करलाच्या रानात मान उंच करून उभा असलेला तो पक्षी ज्याने प्रथम पाहिला, त्याची दचकलेली नजर तीत जशीच्या तशी राहिली आहे. अशी आणखी किती नावे, किती म्हणी, किती आठवणी या जिल्ह्यात असतील? नान्नज, वडाळा, मार्डी, कारंबा या गावांतून माळढोकाचा घुमारा कानांनी ऐकलेली माणसे आता वयाने उतरली आहेत. तो कोणत्या महिन्यात कोठे दिसे, काय खाई, किती जवळ येऊ देई, तो दिसला की शुभ मानत की अशुभ, अंडे सापडले तर गुराखी पोरे काय करीत, अभयारण्य झाल्यावर घरात काय बोलणे झाले, हे सारे त्यांना ठाऊक आहे आणि त्यांना ते कोणी विचारलेले नाही. यंदाच्या पक्षी सप्ताहात एखाद्या शाळेने आठवी-नववीच्या मुलांच्या हाती शंभर पानी वह्या देऊन त्यांना आपल्या आजोबांकडे पाठवले, आणि प्रत्येक उत्तरापुढे 'पाहिले' की 'ऐकले' हे लिहायला सांगितले, तर चितमपल्लींच्या कोशातल्या 'माळढोक' या नोंदीला निदान पुरवणी तरी जोडता येईल.